एका वाळवंटी नेच्याचे दप्तर



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते त्या बाईंनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले आणि कॉलेजचे हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, सांभाळले. विद्यार्थ्याने वाळवून आणलेला नमुना कितीही सुबक असो, लेबलावर नुसते ‘डोंगरउतारावर’ असे लिहिलेले दिसले की बाई तो परत करीत. कोणता डोंगर, त्याची कोणती बाजू, उंची किती, खडक कसला, तारीख काय, हे सगळे त्यांना हवे असे. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना हा जाच वाटायचा. या आग्रहात केवढे शास्त्र होते ते आज एका दूरच्या नेच्याच्या आधाराने मांडावे, असे मी ठरवले आहे.

नेचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आंबोलीची दरड येते. ओल, सावली, शेवाळ, झिरपणारे पाणी. पाठ्यपुस्तकेही तेच सांगतात, आणि त्याला कारण आहे. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्याच्या बीजाणूतून आधी नखाएवढा हिरवा प्रोथॅलस उगवतो, त्यावर नर आणि मादी अवयव येतात, आणि नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जावे लागते. त्यासाठी पाण्याचा पातळ का होईना, पण सलग थर लागतो. अशा वनस्पतीने वाळवंटात राहूच नये असे वाटते. तरीही पृथ्वीवरच्या कितीतरी कोरड्या डोंगरांत नेचे आहेत, आणि अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवर त्यांची मोठी वस्ती आहे.

टेक्सासच्या पश्चिम टोकाला रिओ ग्रांदे नदी दक्षिणेकडे मोठे वळण घेते. त्या वळणाच्या पोटात बिग बेंड राष्ट्रीय उद्यान आहे. १९४४ साली ते स्थापन झाले. क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर. भोवती चिवावा वाळवंट, आणि मधोमध चिसोस नावाची डोंगररांग, जी सगळीच्या सगळी उद्यानाच्या हद्दीत आहे. नदीकाठ समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास, तर चिसोसचे एमरी शिखर २,३८५ मीटर. खाली वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो, वर त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यातला बराचसा जुलै ते सप्टेंबरमध्ये. चिसोसचा गाभा ज्वालामुखीच्या खडकांचा. पूर्वेचे डेड हॉर्स डोंगर आणि पश्चिमेची सांता एलेना दरी मात्र चुनखडकाची. ही खडकांची विभागणी लक्षात असू द्या. नेच्याच्या कथेत ती पुढे महत्त्वाची ठरते.

आजचा नेचा म्हणजे ॲस्ट्रोलेपिस कोचिसेन्सिस. अॅरिझोनात कोचीस नावाचा परगणा आहे, अपाची जमातीच्या प्रसिद्ध नायकाच्या नावाचा, त्यावरून हे नाव पडले. हा नेचा बहुधा चुनखडकाच्या कपारींत उगवतो. पाने अरुंद, ताठ, वीतभर किंवा त्याहून थोडी लांब, दोन्ही अंगांना छोट्या दलांची रांग. पानाच्या वरच्या बाजूला विरळ, चांदणीसारखी फाटलेली शल्के, आणि खालची बाजू तर शल्कांच्या दाट थराखाली झाकलेली. पाऊस संपून खडक तापला की दले आत वळतात, पान मुडपते, आणि शल्कांनी भरलेली तपकिरी बाजू बाहेर येते. त्या अवस्थेत ते वाळक्या काडीसारखे दिसते. शेजारून गेलेल्या माणसाला तिथे काही जिवंत आहे याचा पत्ताही लागणार नाही. मग पाऊस येतो आणि काही तासांत पान उलगडून हिरवे होते. पेशींतले बहुतेक सगळे पाणी गमावूनही जिवंत राहण्याची ही ताकद फार थोड्या वनस्पतींत असते.

मेंढपाळांनाही हा नेचा ठाऊक होता, आणि तो त्यांना आवडत नव्हता. हिवाळ्यात सगळे गवत वाळले की हिरवा राहिलेला हा नेचा मेंढ्या खातात. चरून झाल्यावर कळप हाकला की त्या थरथरू लागतात, पाठ वाकवतात, पाय अडखळतात. तिथेच थांबू दिले तर बहुधा सावरतात, तशाच पळवल्या तर मरतात. दुधातून विष कोकरांपर्यंतही पोचते. या आजाराला तिथले लोक ‘जिमीज’ म्हणत, म्हणून नेच्याचे नाव ‘जिमी फर्न’ पडले. १९४०च्या दशकात टेक्सासच्या पशुवैद्यकांनी या नेच्यांच्या विषारीपणाच्या रीतसर चाचण्या घेतल्या. एखाद्या रानटी नेच्याचे नेमके नाव ठरवणे हा तिथे केवळ अभ्यासकांचा विषय राहिला नव्हता. कोणता नेचा मारतो आणि कोणता मारत नाही हे कळण्यावर कळप अवलंबून होते.

आता या नेच्याचे दप्तर उघडू. दप्तर हा शब्द मी जाणून वापरते. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत ते काम नेले. त्या सगळ्या खटाटोपामागची त्यांची भूमिका आपल्याला माहीत आहे. बखर मागाहून लिहिली जाते, लिहिणाऱ्याचा कल तिच्यात उतरतो. अस्सल पत्र घटनेच्या वेळचे असते आणि आपल्याला पुढे कोण वाचणार आहे याची त्याला कल्पनाही नसते. वनस्पतिशास्त्रातही अशीच दोन प्रकारची साधने आहेत. फ्लोरा म्हणजे प्रदेशवार वनस्पतिग्रंथ, याद्या, नकाशे या आमच्या बखरी. हर्बेरियमचा कागद हे आमचे अस्सल पत्र. साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर वाळवलेली वनस्पती, आणि उजव्या कोपऱ्यात लेबल. जगात आज अशी ३,००० हून अधिक हर्बेरिया आहेत आणि त्यांत सुमारे ४० कोटी नमुने आहेत.

टेक्सासच्या या कोपऱ्याच्या वनस्पतींचे दप्तर सैन्याच्या आणि सीमा-सर्वेक्षणाच्या मागोमाग तयार झाले. १८४९ साली चार्ल्स राइट हा संग्राहक सैन्याच्या गाड्यांबरोबर सॅन अँटोनिओहून एल पासोला निघाला आणि त्या वाटेचा बहुतेक भाग पायी चालला. त्याने गोळा केलेले नमुने हार्वर्डला एसा ग्रे यांच्याकडे गेले, आणि त्यांवर ग्रे यांनी १८५२-५३ साली ‘प्लँटी राइटियानी’ हा ग्रंथ लिहिला. अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर सीमा आखण्यासाठी जे सर्वेक्षण निघाले त्यात चार्ल्स ख्रिस्तोफर पॅरी होता. १८५२ मध्ये बिग बेंडच्या दऱ्यांतून जाणाऱ्या तुकडीबरोबर तो गेला. या मोहिमेतल्या वनस्पतींवरचा जॉन टॉरी यांचा अहवाल १८५९ साली प्रसिद्ध झाला. पुढे व्हॅलेरी हॅवर्ड हा फ्रान्समध्ये जन्मलेला लष्करी डॉक्टर या भागात हिंडला आणि १८८५ साली पश्चिम व दक्षिण टेक्सासच्या वनस्पतींवर त्याने अहवाल लिहिला. बिग बेंडमधली एक घायपात आणि एक निळी ल्युपिन आजही त्याचे नाव मिरवतात.

ही माणसे पाठीवर ओझे घेऊन, पाणी मोजून पीत, खेचरांच्या पाठीवर कागदाचे गठ्ठे लादून फिरली. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्यांची लेबले वाचताना इतिहासकाराची नजरही ठेवावी लागते. घाईत चाललेल्या तुकडीतला संग्राहक रोज नवा मुक्काम करी, आणि जागेचे नाव म्हणून एखादी नदी, एखादी रांग किंवा एवढेच लिही की ‘पश्चिम टेक्सास’. त्यावेळी त्या डोंगरांना नावेही धड नव्हती. ज्या प्रश्नाचे उत्तर तो देत होता तो प्रश्न होता, या देशात कोणकोणत्या वनस्पती आहेत. ‘नेमके कुठे’ हा प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नव्हता.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात चित्र बदलते. मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणारी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर १९३४ मध्ये चिसोसमध्ये आली आणि तिने डोंगरांमधल्या खोलगट खोऱ्यात, म्हणजे ‘बेसिन’मध्ये जाणारा रस्ता केला. त्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांचे येणे वाढले. कॉर्नेलियस मुलर यांनी चिसोसच्या वनस्पतिसमूहांचा अभ्यास केला. अल्पाइन गावातल्या सल रॉस कॉलेजात बार्टन वॉर्नॉक यांनी या कोरड्या प्रदेशाचे हर्बेरियम वाढवले आणि त्याच प्रदेशाला आयुष्य वाहिले. मॅकडूगल आणि स्पेरी यांचे ‘प्लँट्स ऑफ बिग बेंड नॅशनल पार्क’ १९५१ साली आले. डोनोव्हन कॉरेल यांचे टेक्सासच्या नेच्यांवरचे पुस्तक १९५६ साली आले. आणि ट्रान्स-पेकोस, म्हणजे पश्चिम टेक्सासच्या याच भागातल्या नेच्यांवरचे शॅरन यारबरो व मायकेल पॉवेल यांचे पुस्तक २००२ सालचे. या बखरी उत्तम आहेत. पण प्रत्येक बखरीतल्या प्रत्येक ओळीमागे कपाटातला कुठला तरी कागद उभा आहे, आणि वाद पडला की तिथेच जावे लागते.

आपल्या नेच्याच्या कागदावर वाद पडलाच. १९१२ पूर्वी गोळा झालेला हा नेचा लेबलावर बहुधा ‘नोथोलीना सिन्युएटा’ या नावाने येतो, कारण तेव्हा हे सगळे शल्काळ नेचे एकाच जातीत कोंबलेले होते. १९१२ साली लेस्ली गुडिंग यांनी ‘नोथोलीना कोचिसेन्सिस’ अशी वेगळी जात मांडली. नंतर वेदरबी यांनी तिला पुन्हा सिन्युएटाचा एक प्रकार केले. १९७९ साली जॉन मिकेल यांनी तिला ‘चेइलँथस’मध्ये हलवले. १९९२ साली डेल बेनहॅम आणि मायकेल विंडहॅम यांनी चांदणीसारख्या शल्कांच्या या नेच्यांसाठी ‘ॲस्ट्रोलेपिस’ ही वेगळी प्रजाती केली. आणि २०१८ साली काही अभ्यासकांनी हा सगळा विस्तृत गट ‘हेमिओनायटिस’ या एकाच प्रजातीत विलीन करावा असे सुचवले, जे अनेकांना पटलेले नाही आणि मलाही पटत नाही.

एका जुन्या शीटवर या प्रत्येक मताची चिठ्ठी चिकटवलेली सापडू शकते. त्यांना निर्धारण-चिठ्ठ्या म्हणतात. ज्याने नमुना पाहिला तो आपले मत, नाव आणि वर्ष लिहून चिकटवतो, आधीच्याची चिठ्ठी काढत नाही. मूळ लेबलाला तर कोणी हातही लावत नाही. नवख्याला हा गोंधळ वाटतो. मला ही शास्त्राची सर्वांत सुसंस्कृत चाल वाटते. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे मत खोडायचे नाही, त्याच्या शेजारी आपले ठेवायचे, आणि वनस्पती मध्ये तशीच ठेवायची म्हणजे तिसऱ्याला दोघांची तपासणी करता येईल.

पण त्या कागदात याहून मोठी गोष्ट दडलेली होती. या व्याख्यानातला मला सर्वांत प्रिय भाग तोच आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घेते.

नेच्याच्या पानामागे बीजाणुधान्या असतात, खसखशीहून बारीक. सर्वसाधारण नेच्याच्या प्रत्येक बीजाणुधानीत आधी पेशी दुभंगत दुभंगत सोळा मातृपेशी होतात. प्रत्येक मातृपेशीत गुणसूत्रे निम्मी करणारे विभाजन होते आणि तिचे चार बीजाणू होतात. सोळा चोक चौसष्ट. म्हणजे ज्या नेच्यात नर-मादीचे मीलन होते त्याच्या एका बीजाणुधानीत ६४ बीजाणू असतात.

काही नेच्यांनी मात्र मीलनच सोडून दिले आहे. त्यांच्या बीजाणुधानीत आठ पेशी होईपर्यंत सगळे नेहमीसारखे चालते. त्यानंतरचे विभाजन अर्धवट राहते, गुणसूत्रे दुप्पट होतात पण पेशी दुभंगत नाही. मग या आठ मातृपेशींतून निम्मे करणारे विभाजन होते आणि ३२ बीजाणू तयार होतात. आधी दुप्पट, मग निम्मे, म्हणजे प्रत्येक बीजाणूत आईइतकीच गुणसूत्रे. त्यातून आलेल्या प्रोथॅलसवर नरपेशी पोहत जाण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रोथॅलसच्या ऊतीतूनच थेट नवे रोप उगवते. याला अयुग्मन म्हणतात. आयरीन मँटन यांच्या १९५० सालच्या नेच्यांच्या पेशीशास्त्रावरील ग्रंथाने हा विषय जगभरच्या अभ्यासकांपुढे ठेवला.

वाळवंटात याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्या नेच्याला मीलन लागते त्याला प्रोथॅलस तगेल आणि नरपेशी पोहू शकेल असे सलग ओले दिवस हवेत. अयुग्मनी नेच्याला त्यातली दुसरी अट नाही. शिवाय वाऱ्याने उडून गेलेला एकच बीजाणू नव्या डोंगरावर नवी वस्ती उभी करू शकतो. आणि तीन संच गुणसूत्रांचा, म्हणजे त्रिगुणित नेचा, ज्याला एरवी निम्मे करणारे विभाजन साधलेच नसते, तोही या आडवाटेने वंश चालवू शकतो. तीनाचे सहा होतात आणि जोड्या जुळतात.

आता कागदाकडे परत येऊ. गुणसूत्रे मोजायची तर जिवंत कोवळ्या बीजाणुधान्या रसायनात टिकवून ठेवाव्या लागतात, त्यासाठी त्या डोंगरात योग्य आठवड्यात जावे लागते. पण बीजाणू मोजायला वाळलेला नमुना पुरतो. पिकलेली पण न फुटलेली एक बीजाणुधानी सुईच्या टोकाने उचलायची, काचपट्टीवर द्रवाच्या थेंबात फोडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. चौसष्ट की बत्तीस. बीजाणूंचा आकारही मोजला तर गुणसूत्रांचे संच किती असावेत याचा अंदाज बांधता येतो. नमुन्याचे नुकसान जवळजवळ होत नाही. राइट किंवा हॅवर्ड यांच्या काळी गोळा केलेल्या कागदाला हा प्रश्न आज विचारता येतो. त्या काळी गुणसूत्र हा शब्दही रूढ नव्हता.

बेनहॅम यांच्या कामातून कोचिसेन्सिसचे तीन उपप्रकार पुढे आले. त्यातले दोन, कोचिसेन्सिस आणि ॲरिझोनिका, त्रिगुणित आणि अयुग्मनी. बत्तीसवाले. तिसरा, चिवावेन्सिस, द्विगुणित, मीलन करणारा, चौसष्टवाला. बत्तीसवाले कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंत आणि खाली मेक्सिकोत पसरलेले. चौसष्टवाला चिवावा वाळवंटाच्या प्रदेशात, चुनखडकावर, म्हणजे बिग बेंड ज्या वाळवंटात आहे त्यातच. दिसायला तिघे इतके सारखे की डोंगरात उभे राहून खात्रीने सांगणे कठीण. नकाशावर एकाच रंगाचे ठिपके होते, त्यांतून दोन वेगळ्या जीवनरीती वेगळ्या निघाल्या, आणि त्यासाठीचा बराचसा पुरावा आधीच कपाटांत पडलेला होता.

२०१० साली जेम्स बेक, विंडहॅम, यात्स्किएविच आणि प्रायर यांनी हीच युक्ती ॲस्ट्रोलेपिसच्या सबंध प्रजातीला लावली. आधी मीलन करणारे द्विगुणित ओळखायचे, त्यांच्या डीएनएवरून मूळ घराणी ठरवायची, आणि मग अयुग्मनी मिश्र नेचे कोणत्या घराण्यांच्या संकरातून आले ते पाहायचे. क्रम उलटा केला असता तर गुंता कधीच सुटला नसता, कारण अयुग्मनी नेचे संख्येने जास्त आणि सगळीकडे हजर. त्यांच्या गर्दीत आईबाप हरवून जातात.

हे सगळे ऐकून असे वाटेल की जुन्या कागदाला काहीही विचारा, तो उत्तर देईल. तसे नाही. ज्या लेबलावर ‘चिसोस डोंगर’ एवढेच आहे त्याला आज नकाशावर बसवायचे तर एक बिंदू आणि त्याभोवती अनिश्चिततेची त्रिज्या धरावी लागते. चिसोसच्या बाबतीत ती त्रिज्या कित्येक किलोमीटरांची, आणि तिच्या आत हजार-दीड हजार मीटरांचा चढ-उतार, ओकची झाडी, काटेरी झुडपे, ज्वालामुखी खडक आणि कडेचा चुनखडक, सगळे येते. तापमान वाढते आहे, वनस्पती वर सरकत आहेत का, हा आजचा प्रश्न. तो अशा लेबलाला विचारताच येत नाही. नमुना अस्सल आहे, पण त्या प्रश्नापुरता मुका आहे. त्याच गठ्ठ्यात एखादे लेबल असते ज्यावर खडक, उंची, उताराची दिशा आणि तारीख लिहिलेली असते, आणि ते ऐंशी वर्षांनंतरही बोलते.

बीजाणूंच्या बाबतीतही तेच. संग्राहक महिनाभर आधी आला असेल तर बीजाणुधान्या कच्च्या, उशिरा आला तर फुटून रिकाम्या. दोन्ही वेळा मोजायला काही उरत नाही.

आणि ठिपक्यांच्या मधल्या रिकाम्या जागा? त्या वाचायला फार संयम लागतो. संग्रह रस्त्याच्या कडेने होतो, हे जगभरच्या हर्बेरियमांचे सत्य आहे. रस्ता झाला त्या खोऱ्यातले नमुने वाढतात, पलीकडची दरी कोरी राहते. शिवाय हा नेचा वर्षातला बराच काळ मुडपून पडलेला. कोरड्या एप्रिलमध्ये त्या कड्यावरून गेलेल्या चांगल्या वनस्पतिशास्त्रज्ञालाही तो दिसला नसेल. फुलझाड फुलले की हाक मारते, नेच्याला तेही नाही. त्यामुळे या नेच्याचे कागद गोळा करणाऱ्यांच्या सुट्ट्यांबद्दल आणि त्या त्या वर्षीच्या पावसाबद्दलही काही सांगत असतात. त्यातून वनस्पतीचा भाग वेगळा काढणे हे कौशल्याचे काम आहे. एखाद्या जागी नोंद नाही म्हणून तो नेचा तिथे नाही, असे लिहिणारा अभ्यासक मला धोकादायक वाटतो. त्याच्या वाक्यावर उद्या धरणे आणि खाणी मंजूर होतात.

इथे थोडे विषयांतर करते. बिग बेंडच्या गुहांत आणि कपारींत पॅकरॅट नावाच्या उंदरांनी हजारो वर्षांपासून काड्या, पाने, बिया आणून ढीग केले आहेत. त्यांच्या मुतात ते ढीग घट्ट होऊन टिकले. फिलिप वेल्स यांनी १९६६ साली ‘सायन्स’मध्ये या ढिगांवर लेख लिहिला. आज जिथे निव्वळ वाळवंटी झुडपे आहेत तिथे हिमयुगाच्या अखेरीस पाइन आणि ज्युनिपर होते, हे त्या वाळक्या काड्यांनी सिद्ध केले. म्हणजे या सखल भागातले वाळवंट तसे नवे आहे, आणि आमचे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे कागद त्या लांबलचक बदलाचे एक छोटे पान आहे. म्हणून जुना नमुना मी ‘मूळ स्थिती’ म्हणून वाचत नाही. १९४० नंतर ही जमीन उद्यानाकडे जाण्याआधीच्या शेवटच्या वर्षांत गुराख्यांनी तिथे भरमसाट जनावरे चारली, हेही लक्षात ठेवावे लागते.

आज अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानातून पान तोडायलाही परवाना लागतो आणि गोळा केलेला नमुना सरकारी मालमत्ता राहतो. ते योग्यच आहे. पण त्यामुळे जे आधी गोळा झाले त्याची किंमत वाढली. आता या शीट्सची छायाचित्रे आणि लेबले संगणकावर येत आहेत, टेक्सास-ओक्लाहोमाच्या हर्बेरियमांनी त्यासाठी संघ केला आहे. पुण्यात बसून अल्पाइनच्या कपाटातला नेचा मोठा करून पाहता येतो. शल्के पाहता येतात, चिठ्ठ्या वाचता येतात. बीजाणू मोजता येत नाहीत. छायाचित्र झाले, आता कपाट रिकामे करू, असे म्हणणारे प्रशासक हल्ली भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. पुढच्या पिढीचा प्रश्न छायाचित्राला विचारता येईलच असे नाही.

आपल्या घरचे पाहू. ॲस्ट्रोलेपिस आपल्याकडे नाही, पण त्याचे नातलग आहेत. सह्याद्रीत दरडींवर, पायवाटेच्या कडेला एक नेचा उगवतो, ज्याच्या पानाची मागची बाजू पांढऱ्या भुकटीने माखलेली असते. ट्रेकला गेलेली मुले ते पान हातावर दाबतात आणि चंदेरी नक्षी उमटते. तो ॲल्युरिटोप्टेरिस, जुन्या लेबलांवर ‘चेइलँथस फॅरिनोसा’. बिग बेंडच्या नेच्याच्याच गटातला. कातळाच्या भेगांत पंख्यासारखी पाने पसरणारी मयूरशिखा, म्हणजे ॲक्टिनिओप्टेरिस, याच कुळातली. आफ्रिका, अरबस्तानपासून भारतापर्यंतच्या कोरड्या प्रदेशांत ती आढळते आणि उन्हाळ्यात तीही मुडपून पडते. जांभ्याच्या आणि बेसाल्टच्या सड्यांवर आठ महिने उन्हात तापणारा कातळ हे छोटे वाळवंटच आहे. त्याचा अभ्यास पाऊस आणि हिरवाई यांच्या वर्णनात हरवून जातो, याचे मला वाईट वाटते.

कुक यांचा मुंबई इलाख्याचा मोठा फ्लोरा सपुष्प वनस्पतींचा. नेच्यांसाठी १९२२ साली सेंट झेवियर्सचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि द’आल्मेडा यांनी ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ लिहिले. मुंबईचे ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातले भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, यांच्या कपाटांत आपल्या डोंगरांचे दप्तर आहे. चेइलँथस फॅरिनोसाच्या भारतीय गटात मीलन करणारे आणि अयुग्मनी असे दोन्ही नेचे आहेत, हे चंदीगडला पी. एन. मेहरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परंपरेने फार पूर्वी दाखवले. त्यांचा भर हिमालयावर होता. सह्याद्रीतल्या घाटमाथ्याचा चंदेरी नेचा आणि पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतला चंदेरी नेचा, यांत बत्तीसवाले कोण आणि चौसष्टवाले कोण, हा प्रश्न आपल्याच कपाटांना विचारण्याजोगा आहे.

त्याला परदेशी निधी लागत नाही. पदवीच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक पुरतो, सुई, ग्लिसरीनचा थेंब आणि मोजण्याची चिकाटी लागते. बाईंच्या हर्बेरियममध्ये घाटमाथ्यापासून माणदेशापर्यंतच्या चंदेरी नेच्यांच्या शीट्स आहेत. बाईंनी परत पाठवून पाठवून दुरुस्त करून घेतलेल्या, उंची, खडक आणि तारीख लिहिलेल्या. पाऊस ओसरतानाचे नमुने आधी वेगळे काढावेत, कारण त्यांत न फुटलेल्या बीजाणुधान्या मिळण्याची शक्यता जास्त. ज्या तालुक्यांचे कागद नाहीत त्यांची यादी करावी आणि तिथे सप्टेंबरात जावे. प्राचार्यांनी परवानगी दिली तर दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांबरोबर पहिल्या गठ्ठ्याला बसायला मी येईन.